लखोटा

आमचें वय आतां पंचावन्नाच्या पुढें गेलें आहे. या वयांत माणसानें चष्म्याचा नंबर बदलावा, फार तर दंतवैद्य बदलावा. पण पत्ता बदलूं नये, असा आमचा आजवरचा समज होता. गेलीं वीस वर्षें आमच्या नांवाची ई-मेलची एकच पेटी होती. विद्यार्थ्यांचे निबंध, वीजबिलें, मुलीचे फोटो, संमेलनांचीं निमंत्रणें आणि आमचे लेख साभार परत करणाऱ्या संपादकांची दिलगिरी, हें सारें त्या एकाच पेटींत येऊन पडे. ती पेटी कोणाच्या घरीं आहे, तिची दुसरी किल्ली कोणाच्या कमरेला आहे आणि ती आपल्याला फुकट कां मिळाली, असले प्रश्न आम्हांस कधीं पडले नाहींत. धर्माच्या गाईचे दांत कोण मोजतो?

अशा स्थितींत गेल्या पावसाळ्यांत आम्हीं एकाएकीं जुनी पेटी सोडून नवी घेतली, आणि तीही कूटलेखनाची, म्हणजे जिच्यांतलें पत्र पेटीच्या मालकालाही वाचतां येत नाहीं अशी. ही वार्ता कॉलेजांत प्राध्यापकांच्या खोलींत पोंचली, तेव्हां रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यानें चहाचा पेला खालीं ठेवून आम्हांस विचारलें, "सर, तुमच्यापाशीं लपविण्यासारखें आहे तरी काय?" सारे हंसले. आम्हीही हंसलों. इंग्रजीच्या प्राध्यापकाजवळ गुपित कसलें असणार? परंतु घरीं येतांना क्रांती चौकाच्या गर्दींत उभे असतां तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. आमच्याजवळ लपविण्यासारखें खरोखरच कांहीं होतें, आणि तें लपलें नव्हतें, हीच तर आमची व्यथा होती.

गोष्ट गेल्या चैत्रांतली. आमच्या सौभाग्यवतीच्या छातींत एक गांठ हातास लागली. डॉक्टरांनीं ती तपासावयास पाठविली आणि निकालाला आठ-दहा दिवस लागतील असें सांगितलें. ते दिवस कसे जातात हें ज्याचें त्यालाच ठाऊक. तिनें मात्र एकच गोष्ट निक्षून सांगितली. "आईला यांतलें कांहीं कळतां कामा नये. पंच्याऐंशी वर्षांची आहे. निकाल हातीं आला म्हणजे बरा असो कीं वाईट असो, मी पैठणला जाऊन तिच्यापाशीं बसून सांगेन." आम्हीं मान डोलावली. पहिला अहवाल ई-मेलनें आला, तो आम्हीं तसाच बंगळुरास मुलीकडे पाठविला, आणि शिस्तीचे माणूस म्हणून विषयाच्या ओळींत रोगाचें नांवही शुद्ध इंग्रजींत लिहिलें.

चवथ्या दिवशीं दुपारीं पैठणच्या घरीं फोन वाजला. कोणी एक तरुण अतिशय गोड आवाजांत बोलत होता. "मावशी, तुमच्या मुलीच्या आजाराबद्दल ऐकून वाईट वाटलें. उपचारासाठीं कर्जाची आमची एक योजना आहे." त्यानें मुलीचें नांव सांगितलें, वय सांगितलें आणि रोगही सांगितला. म्हातारीनें रिसीव्हर खालीं ठेवला आणि ती देवापुढें जाऊन बसली. पुढें निकाल आला. गांठ निरुपद्रवी ठरली. परंतु मधले पांच दिवस त्या माउलीनें अन्नाला स्पर्श केला नव्हता. सौभाग्यवती पैठणहून परत आली तेव्हां एवढेंच म्हणाली, "माझी गोष्ट माझ्या आईला सांगायचा मान माझा होता. तो एका परक्यानें घेतला."

ही बातमी कोणाच्या हातून फुटली, तें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. परंतु त्या दिवशीं आमचा सारा राग त्या बिचाऱ्या जुन्या ई-मेलवर निघाला. संतापलेल्या माणसाला शत्रु समोर दिसावा लागतो, आणि आमच्या टेबलावर तेवढाच एक होता. आम्हीं मुलीला फोन लावला व सांगितलें, "आम्हांला लखोटा पाहिजे. उघडीं कार्डें लिहिणें आजपासून बंद."

लखोटा हा शब्द आमच्या तोंडून सहज गेला, पण तो उगीच आलेला नव्हता. लाखेनें बंद केलेलें पत्र तो लखोटा. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत या बाबतींत मोठी हुषारी आहे. पत्राची गुंडाळी करून थैलींत घालीत, वर लाख ओतून शिक्का उमटवीत, आणि मग जासुदाच्या हातीं देत. वाटेंत कोणी लाख फोडली, तर ती पुन्हा जुळविणें अवघड. शिवाय मजकूर संपला कीं शेवटीं मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या मोर्तबेवर तर 'मर्यादा' हाच शब्द कोरलेला होता. येथें लेखणी थांबली, याच्या खालीं कोणी चार ओळी आपल्या पदरच्या घुसडूं नयेत, हा तिचा व्यावहारिक अर्थ. आजचे संगणकशास्त्री कूटलेखन आणि डिजिटल सही अशा दोन वस्तूंविषयीं मोठमोठीं व्याख्यानें देतात. पहिली वस्तु म्हणजे लखोटा, दुसरी म्हणजे मोर्तब. एक परक्याची नजर अडविते, दुसरी परक्याचा हात अडविते. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतले कोट्यवधि मोडी कागद ज्यांनीं लिहिले, त्यांना हा भेद कोणी शिकवावा लागला नव्हता.

आमच्या घरींही असा एक कागद आहे. आमचे आजोबा निजामाच्या अमदानींत याच शहरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, राहत. संस्थानाचें टपाल निराळें होतें. त्याचीं स्वतःचीं तिकिटें १८६९ पासून निघत असत. १९४८ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं अहमदनगरास आपल्या भावाला लिहिलेलें एक मोडी पत्र वडिलांच्या ट्रंकेंत जपून ठेवलेलें होतें. शेवटीं बालबोधींत एक ओळ होती: वाचून फाडून टाकणें. ती ओळ आम्ही लहानपणापासून अभिमानानें दाखवीत आलों. मुक्तिसंग्रामाचे ते दिवस. आजोबांचा त्यांत कांहीं गुप्त हात असलाच पाहिजे. त्याशिवाय फाडून टाकण्यासारखें त्यांत दुसरें काय असणार? मोडी आम्हांला वाचतां येत नसे, म्हणून ही दंतकथा निर्वेध वाढली.

लखोटा फोडणारे हात कोणत्याही राज्यांत असतात, हें इंग्रजी इतिहासानें आम्हांस तरुणपणींच शिकविलें होतें. १८४४ सालीं लंडनमध्यें आश्रयास असलेल्या मॅझिनीला आपलीं पत्रें फुटतात असा संशय आला. त्यानें पाकिटांत खसखशीचे दाणे आणि केंस घालून पाहिले. पत्र पोंचलें, पण दाणे पोंचले नाहींत. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम याच्या हुकुमानें टपालखातें पत्रें उघडीत होतें, असें निघालें आणि पार्लमेंटांत गदारोळ उडाला. कार्लाइलनें वर्तमानपत्रांत लिहून या कृत्याला खिसेकापूंच्या पंक्तीस बसविलें. याच मॅझिनीचें आत्मचरित्र सावरकरांनीं १९०७ सालीं मराठींत आणलें, तेव्हां येथेंही पत्रें फोडणारें सरकारच नांदत होतें. त्या सरकारच्या १८९८ च्या टपाल कायद्यांत पत्रें अडविण्याचें कलम होतें. स्वराज्यांतही तें राहिलें. १९८६ सालीं त्या कलमाला अधिक धार लावणारें विधेयक संसदेनें मंजूर केलें, पण राष्ट्रपति झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाहीं, आणि तें तसेंच पडून राहिलें. पुढें २०२३ सालीं नवा टपाल कायदा झाला, त्यांतही पत्र अडविण्याची मुभा आहेच. दुसऱ्या पारड्यांत २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें सांगितलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. सौभाग्यवती मूलभूत हक्काच्या ऐवजीं मान म्हणाली. आम्हांस दोन्ही शब्द एकच वाटतात.

असो. मुलगी बंगळुरास संगणकाच्याच धंद्यांत असल्यामुळें तिनें आमची शिकवणी आरंभिली. "बाबा, आधीं किल्ली समजून घ्या," ती म्हणाली. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलों.

गुप्त लेखनाची जुनी तऱ्हा अशी कीं, एका अक्षराच्या जागीं दुसरें लिहावयाचें, आणि ही अदलाबदल लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला दोघांनाच ठाऊक असावयाची. याचें सर्वांत मोठें मराठी उदाहरण आमच्याच परिसराशीं निगडित आहे. चक्रधरस्वामींच्या कितीतरी लीळा पैठण आणि वेरूळ येथें घडल्या. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत त्या लीळाचरित्रांत लिहून ठेविल्या. पुढें चौदाव्या शतकांत महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. लिपीची किल्ली गुरूनें शिष्याला द्यावी आणि शिष्यानें आपल्या शिष्याला. हें कुलूप इतकें पक्कें निघालें कीं, मराठींतलें आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला पांचशें वर्षें दिसलेंच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपि उकलली, तेव्हां कोठें आपल्या घरांत केवढें धन आहे हें आपल्याला कळलें. ग्रंथ परक्या हातांपासून वांचले, ही त्या लिपीची पुण्याई. आणि आपल्याच माणसांना अनोळखी झाले, ही तिची किंमत. ही किंमत पुढें आमच्याही वांट्याला येणार होती, पण तें मागाहून.

या तऱ्हेंत अडचण ही कीं, आधीं किल्ली पोंचवावी लागते. ती वाटेंत चोरीस गेली तर कुलूप व्यर्थ. १९७६ सालीं डिफी व हेल्मन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं या जुन्या अडचणीवर तोड सुचविली, आणि पुढच्याच वर्षीं आणखी तिघांनीं ती गणितानें प्रत्यक्षांत आणली. किल्ल्या दोन कराव्या. एक उघडपणें वाटून टाकावी, तिनें फक्त कुलूप लागतें. दुसरी घरांत ठेवावी, तिनेंच तें उघडतें. आपली लाल टपालपेटी डोळ्यांपुढें आणावी: फटींतून पत्र कोणीही टाकूं शकतो, काढणारा मात्र किल्लीवाला एकच. १९९१ सालीं फिल झिमरमन यानें ही सोय सामान्य माणसाच्या संगणकावर आणून दिली. परंतु ती वापरणें इतकें किचकट होतें कीं, आमच्यासारख्यांनीं तिला दुरूनच नमस्कार केला असता. आतां त्या किल्ल्या आपोआप फिरविणाऱ्या पेढ्या निघाल्या आहेत. आम्हांस निवड करावयाची होती ती त्यांच्यांतली.

आमच्यापुढें दोन नांवें होतीं. पहिलें प्रोटॉन मेल, स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळच्या प्रसिद्ध अणुसंशोधन केंद्रांतल्या तरुण शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं सुरू केलेलें. दुसरें टुटा, जर्मनींतील हॅनोव्हरचें, २०११ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचें. साधी पेटी दोन्हीकडे फुकट. जागा अधिक हवी असेल तर वर्गणी. दोघांचाही दावा एकच कीं, पत्र तुमच्याच यंत्रावर कुलुपबंद होतें आणि आमच्याकडे फक्त बंद लखोटे असतात. आम्हीं विचारलें, "मग सरकारानें मागितलें तर?" मुलगी म्हणाली, "जें असेल तें देतात, जें नसेल तें कसें देणार?" तिनें उदाहरणें सांगितलीं. २०१३ सालीं लव्हाबिट नांवाच्या अमेरिकन पेढीकडे सरकारानें किल्ल्या मागितल्या, तेव्हां मालकानें पेढीच बंद केली. २०२१ सालीं प्रोटॉनला स्विस अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून एका फ्रेंच कार्यकर्त्याच्या इंटरनेट-जोडणीचा पत्ता द्यावा लागला. पत्रांतला मजकूर मात्र देतां येण्यासारखा नव्हता. २०२० सालीं कोलोन येथील न्यायालयानें टुटाला एका पेटीवर नजर ठेवण्याची सोय करावयास लाविलें. त्यांतही बाहेरून उघडीं येणारीं पत्रेंच काय तीं दिसूं शकत, लखोट्यांतलीं नव्हेत. तात्पर्य, कोणी कोणाला व केव्हां लिहिलें हें पाकिटावरून कळतें. आंत काय लिहिलें तें कळत नाहीं.

येथें आमच्या उत्साहाला एक ठेंच लागली, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०२५ च्या एप्रिलमध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें केंद्र सरकारला प्रोटॉन मेल देशांत बंद करण्याविषयीं निर्देश दिला. तक्रार एका कंपनीची होती: तिच्या स्त्री-कर्मचाऱ्यांविषयीं अश्लील मजकूर कोणी अज्ञात इसम या पेटींतून पाठवीत होता आणि त्याचा माग लागत नव्हता. तें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. ज्या कुलुपाआड आमच्या घरच्या एका स्त्रीचा मान सुरक्षित राहावा असें आम्ही म्हणत होतों, त्याच कुलुपाआड दुसऱ्या स्त्रियांचा मान घेणारा दडला होता. या प्रश्नाला चटकन् उत्तर देणारीं माणसें आम्हांस दोन्ही बाजूंना भेटलीं. आमच्याजवळ तसें उत्तर नाहीं. एवढेंच वाटतें कीं, दाराला कडी असते म्हणून चोरही तिच्या आड लपतो. तरी गांवांतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्यानें चोरांचें फारसें बिघडत नाहीं, घरांतल्या माणसांचें मात्र बिघडतें. त्या स्त्रियांना न्याय मिळालाच पाहिजे. त्यासाठीं गुन्हेगाराच्या पाउलखुणा शोधण्याचे मार्ग पोलिसांनीं वाढवावे, पण पाळत सर्वांवर बसूं नये, एवढ्यावर आम्ही थांबलों.

शेवटीं निवड झाली ती एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून. प्रोटॉनमध्यें पत्राचा मजकूर असा बंद होतो, पण विषयाची ओळ त्या आंतल्या कुलुपाच्या बाहेर राहते. टुटामध्यें विषयही आंत जातो. आम्हांस आमची चैत्रांतली विषयाची ओळ आठवली. पाकिटावरच रोगाचें नांव लिहिणाऱ्या माणसाला दुसरें कोणतें पाकीट शोभणार? आम्हीं टुटा घेतलें. नांवाची फोड करून आम्हीं सौभाग्यवतीला प्रौढीनें सांगितलें कीं, लॅटिनमध्यें याचा अर्थ 'सुरक्षित' असा होतो. ती म्हणाली, "लॅटिनमध्यें होत असेल. आपल्या शहागंजांत 'टूटा' म्हणजे मोडका. भाजीवाल्याला पत्ता सांगाल तेव्हां जपून सांगा."

मोडका नाहीं, तरी हा लखोटा अपुरा आहे, हें पहिल्याच आठवड्यांत ध्यानांत आलें. आम्हीं हौसेनें चाळीस जणांना नवा पत्ता कळविला. बहुतेकांनीं अभिनंदन केलें, जणूं आम्हांस नातू झाला होता. पण आपल्या जुन्या पेट्या कोणीच सोडल्या नाहींत. आणि हा लखोटा दोन्ही टोकांना लागतो. समोरच्याची पेटी उघडी असेल, तर एक आधीं ठरविलेला पासवर्ड घालून पत्र पाठवितां येतें. पण ज्या मित्रांना चष्मा कोठें ठेवला तें आठवत नाहीं, त्यांच्याकडून हें व्हावें कसें? सरतेशेवटीं आमच्या लखोट्याच्या राज्यांत तीनच प्रजाजन राहिले: आम्ही, सौभाग्यवती आणि मुलगी. पुढें आमच्या लक्षांत आलें कीं, खरीं पत्रें आम्ही लिहितों तीं याच तिघांत. बाकीचीं चाळीस कार्डें उघडीं गेलीं तरी आमचें कांहीं जात नाहीं.

खरा धक्का मुलीनें दिला. एके रात्रीं तिचा फोन आला. "बाबा, पैठणच्या आजीचा फोननंबर तुमच्या ई-मेलमध्यें कोठें होता?" आम्हीं जुनी पेटी उघडून पाहिली. अहवालांत नव्हता, पत्रांतही नव्हता. तो आम्हीं एकाच ठिकाणीं लिहिला होता: तपासणीच्या आधीं भरून दिलेल्या कागदी अर्जांत, 'दुसरा संपर्क' या रकान्यांत, आमच्याच सुवाच्य अक्षरांत. म्हणजे ई-मेल निर्दोष होती. बातमी ज्या टेबलावर तो अर्ज पडला होता त्या टेबलावरून गेली असली पाहिजे. कोणी नेली, तें देव जाणे. जगांतलें कोणतेंही कूटलेखन त्या कागदाला वांचवूं शकलें नसतें. आम्ही ओशाळलों. इतके दिवस आम्ही खिडकीला गज बसवीत होतों आणि दार सताड उघडें होतें.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या शोधानंतर आमच्या वागण्यांत कांहीं बदल झाले, ते लखोट्यानेंच शिकविले. अर्जांत जो रकाना आवश्यक नाहीं, तो आम्ही कोरा ठेवतों. कारकून कपाळाला आठ्या घालतो, तरी ठेवतों. सहा महिन्यांनीं पुनः तपासणी झाली, तेव्हां अहवाल मेलनें पाठवूं नका, कागदच द्या, असें सांगून आम्ही स्वतः जाऊन तो घेऊन आलों, कारण बाहेरून येणारें पत्र आमच्या पेटींत शिरेपर्यंत आमच्या कुलुपाचें नसतें. कुलूप विकत घेतल्यानें घर सुरक्षित होत नाहीं. पण कुलूप हातीं आल्यावर माणूस घराभोंवतीं एकदां फिरून पाहतो, हा त्याचा लाभ.

आतां सकळ लिपीची जी किंमत आम्हीं मघाशीं सांगितली, तिच्याकडे वळतों. या पेढीपाशीं आमची किल्ली नसल्यामुळें आम्ही पासवर्ड विसरलों तर ती देऊं शकत नाहीं. अडीअडचणीसाठीं अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ देतात. तीही हरवली तर आंतलीं सारीं पत्रें कायमचीं गेलीं. शिवाय फुकटची पेटी सहा महिने कोणी उघडलीच नाहीं तर ती बंद होते. सौभाग्यवतीनें हें ऐकून शांतपणें विचारलें, "आणि उद्यां तुम्ही नसलांत तर?" आम्ही निरुत्तर झालों. तेव्हां तिला आजोबांच्या पत्राची आठवण झाली. "तें एकदां वाचून तरी आणा. नाहींतर तुमच्याही पत्रांची पुढें पूजाच होईल."

आम्ही तें पत्र घेऊन मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडे विद्यापीठांत गेलों. त्यानें भिंग लावून सावकाश वाचलें. त्यांत मुक्तिसंग्राम नव्हता, शस्त्रें नव्हतीं, कोणाचीं गुप्त नांवें नव्हतीं. आमची आजी त्या उन्हाळ्यांत फार आजारी होती. आजोबांनीं भावाला लिहिलें होतें कीं, हिच्या जिवाचा भरंवसा वाटत नाहीं. तूर्त आईच्या कानावर घालूं नये. बरें-वाईट कांहीं ठरलें म्हणजे मी स्वतः येऊन सांगेन. आणि खालीं ती बालबोध ओळ: वाचून फाडून टाकणें.

भाऊ पत्र फाडूं शकला नाहीं. आजी वांचली, हें आम्हांस ठाऊक आहे, कारण पुढें तिच्याच मांडीवर आम्ही वाढलों. पण घरीं परततांना आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें. लपविण्यासारखें आमच्यापाशीं काय आहे? आजोबांपाशीं होतें तेंच. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, कट नाहीं, पाप नाहीं. कोणती गोष्ट कोणाला, केव्हां आणि कोणाच्या तोंडून कळावी, हें ज्याची ती गोष्ट त्यानें ठरवावें, एवढीच ती मर्यादा. मोर्तबेवर जो शब्द होता, तो हाच.

त्या रात्रीं आम्हीं ती लांबलचक माळ एका जाड कागदावर स्वच्छ उतरवून काढली, खालीं पासवर्ड लिहिला, कागद पाकिटांत घातला, आणि टपालकचेरीजवळच्या दुकानांतून मुद्दाम आणलेली लाख मेणबत्तीवर वितळवून पाकिटावर ओतली. शिक्का नव्हता, म्हणून सौभाग्यवतीनें आपल्या आंगठीचा ठसा उमटविला. तो लखोटा देवघराच्या खणांत आहे. त्याचें ठिकाण तिला आणि मुलीला ठाऊक आहे, इतर कोणाला नाहीं.

पुनःतपासणीचा अहवालही चांगला आला. आम्हीं तो नव्या पेटींतून मुलीला पाठविला आणि विषयाच्या ओळींत, ती आतां बंद असूनही, नुसतें 'घरचें' एवढेंच लिहिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्. टी. नें सौभाग्यवती पैठणला गेली. तिनें आईला काय सांगितलें आणि आई काय म्हणाली, हें तिनें आम्हांस अजून सांगितलेलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.